आजीची ठुशी, बोरमाळ, नथ घरी साफ करायला घेण्याआधी

ताई, तुमचा प्रश्न असा की आजीची ठुशी, बोरमाळ, मोत्याची नथ आणि पाटल्यांचा जोड तुमच्याकडे आलाय, वीसेक वर्षं लॉकरमध्ये पडून होता, आता काळपट दिसतो, पुढच्या महिन्यात घरात लग्न आहे, तर गरम पाण्यात सोडा टाकून आणि टूथपेस्टने घासून घरीच साफ करावं की सरळ पॉलिशला द्यावं. सविस्तर सांगतो, पण आधी एवढं करा की गरम पाणी, सोडा आणि टूथपेस्ट तिन्ही बाजूला ठेवा. तुम्ही लिहिलेल्या चार डागांपैकी (आम्ही दागिन्याला डाग म्हणतो) तीन डाग त्याने कायमचे खराब होतील आणि चौथ्याला ओरखडे पडतील.

मी गेली 30 वर्षं दुरुस्तीचंच काम करतो, नवीन घडवणं कमी, जुनं गाठवून घेणं म्हणजे दोऱ्यात पुन्हा ओवून घेणं, झाळणं म्हणजे तुटलेला जोड तापवून सांधणं, पोचे काढणं, स्क्रूचे आटे बसवणं हेच जास्त. आणि एवढ्या वर्षांत सोनं खराब झालं म्हणून आलेला डाग मला आठवत नाही. सोन्याला गंज नाही, हवा नाही, पाणी नाही, शंभर वर्षं मातीत पडलं तरी धुतलं की तेच सोनं. खराब होतं ते सोन्याला धरून ठेवणारं सगळं. दोरा कुजतो, आतली लाख सुटते, फिरकीचे आटे झिजतात, कडी पातळ होते, झाळलेली जागा उकलते, मोत्याचं पाणी, म्हणजे तेज, जातं. त्यामुळे दागिन्याची काळजी म्हणजे या गोष्टींची काळजी, चमक हा त्यातला अगदी शेवटचा भाग आहे, आणि लोक नेमकी तिथूनच सुरुवात करतात.

आधी काळपटपणाचं सांगतो म्हणजे घाबरायला नको. आपला दागिना बहुतेक 22 कॅरेटचा असतो, म्हणजे 100 ग्रॅममध्ये 91.6 ग्रॅम सोनं आणि बाकी तांबं, चांदी वगैरे, कारण शुद्ध सोनं इतकं मऊ की त्याची पाटली हातातच वाकायची. हे जे तांबं-चांदी असतं ना ते घामाने आणि हवेतल्या गंधकाने काळं पडतं, सोनं नाही. जुन्या डागांत झाळ, म्हणजे जोड सांधायचा धातू, जास्त वापरलेली असायची आणि ती कमी कसाची, म्हणजे कमी सोन्याची असते, म्हणून बघा, काळपटपणा सगळीकडे सारखा नसतो, जोडाच्या जागी, खाचेत, मण्याच्या भोकापाशी जास्त असतो. त्यावर तेल, पावडर, हळद-कुंकू आणि धूळ यांचा थर. म्हणजे तुम्हाला जे काळं दिसतंय त्यातलं निम्म्याहून जास्त नुसता मळ आहे, तो सौम्य साबणाने निघतो.

आता बोरमाळ. हिच्याकडे सगळ्यात जास्त लक्ष द्या म्हणून पहिली घेतली. जुन्या बोरमाळेचे मणी भरीव नसतात, पातळ पत्र्याचे पोकळ मणी आणि आत लाख भरलेली, तशीच पोहेहाराची, कोल्हापुरी साजाची आणि बऱ्याच गोठांची गोष्ट. लाख असते म्हणून तो पत्रा दाबला तरी पोचत नाही. नख लागेल एवढ्या जाडीचा पत्रा असतो तो, त्याला आतून आधार देणारी वस्तू फक्त लाख. आणि लाख साधारण 65-70 डिग्रीलाच मऊ पडायला लागते. उकळतं पाणी 100 डिग्री. म्हणजे काय होणार ते तुमच्या लक्षात आलंच असेल.

एक बोरमाळ माझ्याकडे आली होती ती सांगतो. बाईंनी पातेल्यात पाणी उकळून त्यात सोडा आणि माळ टाकली होती, पाच मिनिटं. माळ माझ्या हातात आली तेव्हा प्रत्येक मण्याच्या दोन्ही भोकांतून तपकिरी थेंब बाहेर येऊन गोठलेले, दोरा त्या लाखेत घट्ट चिकटलेला, एक मणी ओढावा तर शेजारचे तीन सोबत येत होते. आठ-नऊ मणी आतून पोकळ झाले होते, बोटात धरल्या धरल्या चपटे होत होते. चमक मात्र छान आली होती. त्यातला प्रत्येक मणी सोडवून, उरलेली लाख काढून, पोचे आतून उचलून, नवीन लाख भरून पुन्हा गाठवावी लागली, आणि तरी चार मण्यांवरची जुनी नक्षी पोचा काढताना पुसट झाली ती झालीच. त्या बाईंची काहीच चूक नव्हती, त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं की आत लाख आहे.

लाखेचे अजून दोन शत्रू आहेत आणि ते कोणी सांगत नाही म्हणून मुद्दाम लिहितोय. एक म्हणजे स्पिरिट. सुतार चपडा लाख स्पिरिटमध्ये विरघळवून फर्निचरला पॉलिश मारतो बघा, तीच लाख आपल्या मण्यात आहे, म्हणजे सॅनिटायझर, परफ्युम, डिओ, स्पिरिटचा बोळा, हे भोकातून आत गेलं की लाख विरघळायला लागते. दुसरा शत्रू सोडा आणि अमोनियाची क्लीनर, धुण्याच्या सोड्यातही लाख विरघळते. तुम्ही गरम पाणी आणि सोडा दोन्ही एकत्र म्हणालात म्हणून मी पहिल्याच ओळीत थांबवलं. आणि उन्हात उभ्या गाडीच्या डॅशबोर्डवर लाखेचा डाग ठेवून लग्नाच्या हॉलमध्ये जाऊ नका, उन्हाळ्यात तिथे तेवढी उष्णता सहज होते.

मग बोरमाळ साफ कशी करायची, तर पाण्यात बुडवायची नाही. रिठ्याची दोन-तीन टरफलं कोमट पाण्यात तासभर भिजवा, बी काढून टाका, हाताने चोळून फेस काढा, त्यात मऊ सुती कापड बुडवून घट्ट पिळा आणि एकेक मणी पुसा. खाचेत लहान मुलाचा मऊ ब्रश, तोही ओलसर, निथळता नाही. मग साध्या पाण्यात पिळलेल्या कापडाने दोनदा पुसायचं, कोरड्याने टिपायचं, आणि माळ टॉवेलवर आडवी पसरून पंख्याखाली रात्रभर. खुंटीला टांगायची नाही, ओला दोरा वजनाने लांबतो आणि मग मण्यांमध्ये फटी पडतात. रिठा नसेल तर भांडी घासायच्या लिक्विडचे दोन थेंब वाटीभर पाण्यात, तेही चालतं. हेअर ड्रायर अजिबात नको.

ठुशीचं दुखणं वेगळं आहे, तिथे दोरा. छोटे छोटे गोल मणी गच्च ओवलेले, मागे रेशमाची दोरी आणि गोंडा, दोरी वरखाली सरकवून गळ्याला बसवायची. गळ्याला चिकटून असल्यामुळे घाम सगळा दोऱ्यातच मुरतो आणि मानेमागची दोरी तर सगळ्यात आधी जाते. वीस वर्षं लॉकरमध्ये होती म्हणता ना, मग दोरा कितीही चांगला दिसला तरी त्याच्यावर भरवसा ठेवू नका, त्यात वीस वर्षांपूर्वीचा घाम आहे. अशी तपासा, मऊ कापडावर ठुशी ठेवून दोन्ही टोकं धरून हळूच कमान करा, मण्यांमध्ये दोरा दिसायला लागला, किंवा दोरा पिवळा-तपकिरी पडलाय, किंवा कुठे केसासारखे तंतू सुटलेत, तर ती घालायची नाही. आधी गाठवून घ्या. लग्नात घातली आणि दोरा तुटला तर त्या गर्दीत मोहरीएवढे मणी कुठे शोधणार? मला असे फोन आलेत, सतरंजी झटकून, झाडू मारून, तरी पाच-सात मणी गेलेलेच असतात.

गाठवायला पटवेकऱ्याकडे, म्हणजे दागिने दोऱ्यात ओवून देणाऱ्या कारागिराकडे द्यायची, किंवा तुमचा सोनार ज्याच्याकडून गाठवून घेतो त्याच्याकडे. हे काम सोनाराचं नाही, वेगळ्या हाताचं आहे, दोऱ्याला किती पीळ द्यायचा, गाठ कुठे लपवायची, मणी किती घट्ट बसवायचे, हे त्यालाच कळतं. नायलॉनचा दोरा नको म्हणून सांगा असं मी सगळ्यांना सांगतो, नायलॉन मजबूत असतो पण तो तुटत नाही तर मण्याच्या भोकाची कड कापतो, पातळ पत्र्याला ते परवडत नाही. दोरा तुटला तर नवा मिळतो, भोक फाटलं तर मणी झाळावा लागतो आणि लाखेचा मणी असेल तर आधी सगळी लाख काढल्याशिवाय आच देता येत नाही. रोज वापरातली माळ वर्षाला एकदा, सणासुदीची तीन-चार वर्षांतून एकदा गाठवायची, माझा तरी हा हिशोब आहे. आणि साफसफाई गाठवण्याच्या वेळीच करून घ्या, मणी सुटे झाल्यावर नीट धुता येतात, ठुशी ओवलेली असताना भिजवली तर वरून स्वच्छ आणि आत ओल, मग दोरा कुजतो.

नथ. हिला तर साबणसुद्धा नको. मोती आणि पोवळं दोन्ही म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, शिंपला आणि खडू ज्याचा असतो तेच. त्यामुळे लिंबू, व्हिनेगर, चिंच, असलं काहीही आंबट लागलं की मोत्याचा वरचा थर खाल्ला जातो आणि ते पाणी परत येत नाही, कुठलंही पॉलिश ते परत आणू शकत नाही. जुन्या नथीत बसऱ्याचे, म्हणजे आखातातले नैसर्गिक मोती असण्याची शक्यता असते, तसं असेल तर सोन्यापेक्षा मोत्यांची किंमत कितीतरी जास्त. ओलसर मलमलीच्या कापडाने एकेक मोती पुसा, लगेच कोरड्याने टिपा, झालं. मधले लाल-हिरवे खडे मागून बंद असतील तर त्यांच्यामागे डांक असते, म्हणजे खड्याला चमक यायला लावलेला पातळ चकचकीत पत्रा. तिथे पाणी शिरलं की डांक काळी पडते आणि खडा मेल्यासारखा दिसतो. जुन्या जडावाच्या कुठल्याही डागाला हेच लागू, पाणी नाही. आणि दुकानात ते थरथरणारं अल्ट्रासॉनिक मशीन असतं ना, त्यात मोती, पोवळं, पाचू, डांकेचे खडे, लाखेचे मणी, काहीही टाकू द्यायचं नाही, स्पष्ट सांगा.

नथीच्या तारेकडे पण बघा. नाकात घालताना आपण तार वाकवतो, काढताना सरळ करतो, धातू असा परत परत वाकवला की त्याच जागी कडक होतो आणि एक दिवस कट्कन मोडतो. तार एका जागी चकचकीत आणि थोडी बारीक दिसत असेल तर तीच जागा. सोनाराकडे नुसती तार बदलून मिळते पण मोती उतरवून पुन्हा ओवायचे, तेव्हा तुमच्यासमोर मोती मोजून आणि फोटो काढून मगच द्या. मोत्यांचा क्रमही फोटोत यायला हवा, आकाराने चढते-उतरते लावलेले असतात ते.

पाटल्यांचं सोपं आहे. भरीव असतील, खडे नसतील तर कोमट पाण्यात लिक्विडचे थेंब टाकून दहा-पंधरा मिनिटं भिजवा, मऊ ब्रशने नक्षी घासा, धुवा, पुसा. सिंकवर धुवायच्या नाहीत, पातेल्यात धुवा, आणि पाणी फेकण्याआधी तळाशी बघा, एखादी फिरकी किंवा खडा पडलेला असू शकतो. पाटली हलकी वाटली, टिचकी मारल्यावर खणखणीत आवाज न येता बद्द आवाज आला, तर आत लाख आहे असं धरा आणि बोरमाळेसारखं वागवा. पेचाची, म्हणजे स्क्रूने उघडणारी पाटली असेल तर पेच काढून आटे बघा. सोनं मऊ, आटे बोथट होतात, पेच फिरवताना घट्ट न होता नुसता फिरत राहिला तर तो कधीही पडेल. लोक त्याला दोरा गुंडाळून वापरतात, तात्पुरतं ठीक आहे, पण लग्नाआधी आटे पाडून घ्या, अर्ध्या तासाचं काम असतं.

टूथपेस्ट का नको ते पण सांगतो, कारण हा सल्ला सगळीकडे फिरत असतो. टूथपेस्ट दातासाठी बनवलेली आहे आणि दाताचं वरचं कवच सोन्यापेक्षा खूप कठीण, कठीणपणाच्या मोहस मापात दात 5 आणि सोनं 2.5 ते 3. दातावरचा डाग घासून काढणारी पावडर सोन्यावर काय करेल? भिंगातून बघितलं की बारीक रेघांचं जाळं दिसतं, आधी चमकल्यासारखं वाटतं आणि नंतर पृष्ठभाग धुरकट दिसायला लागतो, मग पुन्हा घासायचं. राख, रांगोळी, भांड्यांची पावडर, सगळ्याला तेच. काचेच्या बांगड्याही सोन्यापेक्षा कठीणच, पाटल्या-तोड्यांमध्ये काचेच्या बांगड्या घालायची आपली पद्धत छान दिसते, पण रोज घातल्या तर पाटलीची कड वर्षानुवर्षं झिजते, मी झिजून धारदार झालेल्या कडा बघितल्यात. सणाला घाला, रोज नको.

आता पॉलिशला द्यावं का. उजळून घेणं आणि बफिंग ह्यात फरक आहे. उजळणं म्हणजे मळ आणि काळेपणा काढणं, त्यात सोनं जवळजवळ जात नाही. बफिंग म्हणजे फिरत्या चाकावर मसाला लावून घासणं, त्यात वरचा थर निघतो, थोडाच, पण निघतो. तुम्हाला झारेकरी माहीत असतील, सोनाराच्या दुकानातली केरधूळ धुऊन त्यातून सोनं काढणारे. सोनाराच्या केराला गिऱ्हाईक असतं ते उगाच नाही, त्यात तुमच्या-आमच्या दागिन्यांचंच सोनं असतं. दोन-चार वर्षांतून एकदा बफ केलं तर काही बिघडत नाही, पण दर सणाला पॉलिश करून घेणारी माणसं आहेत आणि त्यांच्या डागांवरची नक्षी सपाट झालेली असते. लाखेच्या मण्यांना तर बफ नकोच, चाकाच्या घर्षणाने मणी तापतो आणि पत्रा आधीच पातळ. आजीच्या डागाचा तो थोडा जुना, खोल पिवळा रंग मला स्वतःला नव्या चकचकीत रंगापेक्षा जास्त आवडतो, खाचेतलं काळं थोडं राहिलं तर नक्षी उठून दिसते. तुमची आवड वेगळी असू शकते, पण एकदा घासलेलं परत येत नाही म्हणून आधी नुसतं साफ करून बघा, मग ठरवा.

दारावर पॉलिश करून देतो म्हणून येणाऱ्याला काहीही द्यायचं नाही, स्वयंपाकघरातला पितळेचा तांब्यासुद्धा नाही, कारण ते तांब्यापासूनच सुरुवात करतात, तो चमकवून विश्वास बसवतात आणि मग बांगड्या मागतात. त्यांच्या भांड्यातल्या पाण्यात आम्लराज असतं, म्हणजे नायट्रिक आणि हायड्रोक्लोरिक ॲसिडचं मिश्रण, ज्यात सोनं विरघळतं. बांगडी बाहेर येते ती लखलखीत पण वजनाला हलकी, आणि गेलेलं सोनं त्या पाण्यात, पाणी घेऊन माणूस निघून जातो. घरात बहुतेक वेळा म्हातारी माणसं एकटी असतात तेव्हाच हे होतं, सासूबाईंना, आईला एकदा बसून समजावून सांगा.

सोनाराकडे देताना सुद्धा, कितीही जुना घरचा सोनार असला तरी, वजन तुमच्यासमोर, पावतीवर ग्रॅममध्ये तीन दशांशापर्यंत, मणी किती, मोती किती, खडे किती, आणि फोटो. याचा राग चांगल्या सोनाराला येत नाही, मला तर बरंच वाटतं, नंतर दोघांनाही शंका राहत नाही. परत घेताना वजन थोडं कमी भरू शकतं कारण मळ आणि जुना दोरा गेलेला असतो, लाख नवी भरली तर वाढूही शकतं, म्हणून गाठवण्याआधी सुट्या मण्यांचं वजन पण लिहून घ्या. आजीची जुनी चिठ्ठी सापडली आणि त्यावर तोळे-मासे-गुंजा असतील तर हिशोब असा, 1 तोळा म्हणजे 12 मासे, 1 मासा म्हणजे 8 गुंजा, आणि तोळा 11.66 ग्रॅमचा. आत्ता बाजारात तोळा म्हणताना 10 ग्रॅम धरतात त्यामुळे जुन्या चिठ्ठीवरचे तोळे आणि आजचे तोळे जुळत नाहीत आणि घरात उगाच कुणावर तरी संशय येतो. भांडणं झालेली बघितलीत मी यावरून. त्यात लाखेचं वजन धरलंय की नाही तेही बघा.

हॉलमार्क शोधू नका, नसणारच. सोन्याच्या दागिन्यांना बीआयएसचा (भारतीय मानक ब्यूरोचा) हॉलमार्क, म्हणजे शुद्धतेचा शिक्का, सन 2000 पासून आला आणि सक्तीचा जून 2021 पासून, प्रत्येक दागिन्याचा वेगळा असा सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी नंबर पण त्याच वर्षी सुरू झाला. आजीच्या डागावर फार तर सोनाराचा स्वतःचा शिक्का असेल. त्यामुळे डाग खोटा ठरत नाही. पुढे नवीन काही घेतलं की मात्र तो नंबर बीआयएस केअर ॲपवर टाकून बघायचा आणि बिलासोबत लिहून ठेवायचा.

ठेवायचं कसं. प्रत्येक डाग वेगळा, धुतलेल्या मऊ सुती कापडात गुंडाळून, स्वतंत्र डबीत. हिऱ्याची अंगठी सोन्याच्या माळेबरोबर कधीच नको. रबर बँड लावू नका, रबरात गंधक असतं, जिथे टेकतं तिथे काळा पट्टा उमटतो, मोत्यांना तर अजिबात नको. मोती प्लास्टिकच्या बंद पिशवीत वर्षानुवर्षं ठेवले तर निस्तेज होतात, त्यांना कापडच हवं, आणि वर्षातून दोनदा तरी बाहेर काढून घालावेत. साखळीचा फासा लावून ठेवा म्हणजे गुंता होत नाही. पाऱ्यापासून दूर, हे फार महत्त्वाचं. जुना थर्मामीटर फुटला, किंवा देवघरात पारद शिवलिंग असेल आणि त्यात खरा पारा असेल, तर अंगठी-बांगडी टेकली की पांढरी पडते, पारा सोन्यात शिरतो आणि सोनं ठिसूळ होतं. असं झालं तर घासू नका आणि घरी गॅसवर तर मुळीच तापवू नका, त्याची वाफ विषारी असते, वेगळ्या डबीत घालून सोनाराकडे न्या आणि पारा लागलाय हे सांगून द्या, म्हणजे तोही सांभाळून करेल.

लॉकरमध्ये ठेवत असाल तर एक माहीत असू द्या, बँकेला आत काय आहे याची नोंद नसते. 1 जानेवारी 2022 पासून रिझर्व्ह बँकेचा नियम आहे की आग, चोरी, दरोडा किंवा कर्मचाऱ्याच्या फसवणुकीने नुकसान झालं तर बँकेची जबाबदारी लॉकरच्या वार्षिक भाड्याच्या 100 पट, तेवढीच. म्हणून फोटो, वजनं आणि पावत्या तुमच्याकडेच, लॉकरच्या बाहेर. आणि वर्षातून एकदा तरी लॉकर उघडून डाग हातात घ्या, दोरा-फिरकी-कडी बघा. वीस वर्षं न बघणं हे लॉकरमधल्या दागिन्यांचं सगळ्यात मोठं दुखणं आहे.

तुम्ही विचारलं नाहीत पण मंगळसूत्राबद्दल दोन ओळी, कारण तेच रोज अंगावर असतं आणि तेच सगळ्यात कमी तपासलं जातं. वाट्या मागून पोकळ असतात, त्यात साबण आणि हळद साठून घट्ट बसते, टाचणीने उकरू नका, कोमट पाण्यात भिजवून ब्रशने काढा. वाटीच्या वरची कडी जिथे तारेला घासते तिथे भिंगातून बघा, कडी एका बाजूने झिजून धाग्याएवढी राहिलेली असते आणि आपल्याला कल्पना नसते. घरी भिंग नसेल तर जुन्या तलम साडीच्या कापडावरून मंगळसूत्र हलकेच ओढा, जिथे कापडाचा धागा अडकेल तिथे कडी उघडलीये किंवा तार मोडलीये. कानातल्या फिरकीचंही तसंच, दर महिन्याला एकदा घट्ट होते का बघायचं. स्विमिंग पूलला आणि फरशीला ब्लीचिंग पावडर टाकताना सगळं काढून ठेवा, क्लोरीन झाळेला आणि 18 कॅरेटच्या डागांना जास्त खातं. परफ्युम, हेअर स्प्रे आधी, ते सुकलं की मग दागिने, आणि घरी आल्यावर दागिने पहिले उतरवायचे, पुसून ठेवायचे. अंगावर काळा डाग उमटतो म्हणून सोनं खोटं असं समजू नका, पावडर-मेकअपमधले बारीक कण सोन्याला घासतात आणि तो चुरा काळा दिसतो.

तर तुमच्याकडे महिना आहे, तो असा वापरा. आज सगळ्याचे फोटो आणि वजन. ठुशी आणि बोरमाळ उद्याच गाठवायला द्या, लग्नसराईत पटवेकऱ्याकडे दोन आठवडे सहज लागतात, आणि देताना मणी सुटे झाल्यावर पुसून घ्यायला सांगा, बफ नको म्हणून सांगा. नथ फक्त पुसा, तार दाखवून घ्या. पाटल्या घरी धुवा, पेच तपासा. ठुशी परत आली की घालून आरशासमोर मान इकडेतिकडे वळवा, नवा दोरा सुरुवातीला ताठ असतो, दोन-तीन वेळा घरात तासभर घातली की गळ्याला बसते, तेव्हाच मागच्या दोरीची गाठ सरकते का घट्ट आहे ते कळतं, सरकत असेल तर लग्नाआधी परत नेऊन बांधून घ्यायला वेळ हातात राहील.